"हौशी लोकांचं खेळणं कॉम्प्युटर म्हणून विकलं" या तक्रारीला दुकानाकडून उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा एक स्टार आणि त्याखालचा सगळा मजकूर मी तीनदा वाचला. उत्तर द्यायला पाच दिवस लागले, कारण आधी काही गोष्टी तपासायच्या होत्या.

इतर वाचणाऱ्यांसाठी तक्रार थोडक्यात सांगतो. तुम्ही आमच्या तापकीर गल्लीतल्या दुकानातून मुलाच्या डिप्लोमासाठी रास्पबेरी पाय ४ हा एकाच बोर्डावर बसवलेला छोटा कॉम्प्युटर घेतलात. चार जीबीचा बोर्ड, केस, मेमरी कार्ड, कीबोर्ड-माउस आणि केबल मिळून ७,८५० रुपये बिल झालं. घरी तो सारखा आपोआप बंद-चालू व्हायला लागला, दोन वेळा कार्डावरचं सगळं उडालं आणि कॉलेजचं ऑटोकॅड हे ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर त्यावर चढलंच नाही. दुकानात परत आलात तेव्हा "तुमचा चार्जर खराब आहे" एवढं सांगून तुम्हाला पाठवून दिलं. मुलाने वहीत लिहून आणलेल्या वेळा कोणी पाहिल्या नाहीत. लिनक्स या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमचं वेड असलेले दुकानदार हौशी लोकांचं खेळणं गरजूंच्या गळ्यात मारतात, तसाच चिनी बोर्ड ऑनलाइन निम्म्या किमतीत मिळतो, आणि थोडे पैसे आणखी घातले असते तर जुना लॅपटॉप आला असता, असं तुम्ही लिहिलंय.

लॅपटॉपचं तुमचं म्हणणं बरोबर आहे. विकताना काउंटरवर मीच होतो, म्हणून त्याची जबाबदारीही माझीच.

आधी चार्जरचं सांगतो. "अडॅप्टर वेगळा घ्यावा लागेल का?" असं तुम्ही मला विचारलं होतंत. "घरी सी-टाईपचा चार्जर असेल ना, मग चालेल," असं मीच म्हणालो. तुमचे सात-आठशे रुपये वाचावेत एवढाच हेतू होता, पण सल्ला चुकीचा होता. आणि नंतर माझ्याच दुकानातल्या माणसाने त्या चार्जरचा दोष तुम्हाला दिला. याची मला खरोखर लाज वाटते.

पाय ४ ला ५ व्होल्टवर ३ अँपिअर लागतात. मोबाईलच्या चार्जरवर ३३ वॅट, ६५ वॅट असे मोठे आकडे असतात, ते मोबाईल आणि चार्जर यांनी आपसांत ठरवून व्होल्टेज वाढवल्यावर मिळतात. हा बोर्ड तसं काही ठरवत नाही, त्याला सरळ पाच व्होल्टच लागतात, आणि पाच व्होल्टवर त्यातले बरेच चार्जर दोनच अँपिअर देतात. त्यात केबल बारीक असली तर अर्धा व्होल्ट केबलमध्येच जातो. मोबाईलला याने फरक पडत नाही, त्याच्या पोटात बॅटरी असते. बोर्डाला असा कुठलाच आधार नाही. ४.६३ व्होल्टच्या खाली गेलं की तो स्क्रीनच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात पिवळ्या विजेची खूण दाखवतो आणि स्वतःचा वेग कमी करतो. आणखी खाली गेलं की बंद पडतो. तुम्ही टाकलेल्या स्क्रीनच्या फोटोत ती पिवळी खूण स्पष्ट दिसते आहे.

दुसरा फोटो वहीच्या पानाचा आहे. त्याबद्दल मला जरा सविस्तर लिहायचंय. तुमच्या मुलाने नऊ वेळांची नोंद केली आहे: किती वाजता बंद पडला, तेव्हा काय चालू होतं, लाईट गेली होती की नव्हती. नऊपैकी सात ओळींपुढे "हार्डडिस्क लावली" असं लिहिलंय. फिरती हार्डडिस्क सुरू होताना जोरात करंट खेचते, आणि ती तो बोर्डाकडूनच घेते. पाय ४ चे चारही यूएसबी पोर्ट मिळून १.२ अँपिअरच देऊ शकतात, आणि इथे तर मुळात चार्जरच कमी पडत होता. म्हणजे बिघाड कुठे आहे ते त्या पानावर लिहिलेलंच होतं. अशी नोंद आमच्या दुकानात रोज येणारे अनुभवी लोकही ठेवत नाहीत. ते पान पाहायला दोन मिनिटं पुरली असती. दुकानात शनिवारची गर्दी होती, पण तेवढ्याने ती चूक माफ होत नाही. दुकानात काम करणाऱ्या त्या मुलाशी मी बोललोय. तो कष्टाळू आहे, पण त्याने तुमचं ऐकून घ्यायला हवं होतं.

आता कार्ड. ही चूक मला तुमच्या तक्रारीमुळेच कळली. दुसऱ्या वेळी आलात तेव्हा तुम्ही कार्ड काउंटरवर ठेवून गेला होतात. परवा रात्री ते एफ-थ्री नावाच्या छोट्या मोफत प्रोग्रॅमने तपासलं. तो कार्ड शेवटपर्यंत भरतो आणि लिहिलेलं जसंच्या तसं परत वाचता येतंय का ते बघतो. कार्डावर ६४ जीबी छापलंय, पण जेमतेम निम्म्यापर्यंत लिहिलेलं टिकलं, पुढचं सगळं गायब. कार्डाच्या आतल्या चिपलाच स्वतःचं माप खोटं सांगायला लावलेलं असतं. सुरुवातीला सगळं व्यवस्थित चालतं, आणि खरी जागा संपली की फाइली नाहीशा व्हायला लागतात. मग माणसाला वाटतं लिनक्स खराब आहे. त्याच लॉटमधली माझ्याकडे उरलेली ११ कार्डं तपासली, त्यातली ४ तशीच निघाली. माल देणाऱ्याला ती परत केली आहेत. पण गिऱ्हाईकाला कार्ड विकणारा मी आहे, ते तपासून द्यायचं काम माझं होतं. जून-जुलैमध्ये आमच्याकडून ६४ जीबीचं कार्ड घेतलेल्या कोणीही ते घेऊन यावं, समोर तपासून देऊ, खोटं निघालं तर पैसे परत.

ऑटोकॅडच्या बाबतीत बोर्डात काहीच बिघाड नव्हता. ऑटोकॅड विंडोज किंवा मॅकवर चालतं. पाय ४ वर लिनक्स आहे आणि त्याचा प्रोसेसर एआरएम जातीचा आहे, कॉलेजच्या लॅबमधल्या इंटेलच्या मशिनपेक्षा वेगळा. ते त्यावर चढणार नाही हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. दुकानातल्या मुलाने तुम्हाला सांगितलं की त्याऐवजी लिब्रेकॅड आणि फ्रीकॅड हे ड्रॉइंगचे मोफत प्रोग्रॅम आहेत. आहेत, चांगलेही आहेत, बोर्डांच्या केसची ड्रॉइंग मी स्वतः फ्रीकॅडमध्येच करतो. पण प्रॅक्टिकलला सर ऑटोकॅड मागणार असतील तर त्या उत्तराचा मुलाला काय उपयोग? मुलगा कुठल्या ब्रँचला आहे, कॉलेजने कुठलं सॉफ्टवेअर सांगितलंय, हे दोन प्रश्न मी विचारायला हवे होते. त्याऐवजी वीस मिनिटं मी तुम्हाला रास्पबेरी पायचं कौतुक सांगत बसलो.

ते कौतुक खोटं नव्हतं. हा बोर्ड पहिल्यांदा २९ फेब्रुवारी २०१२ ला विक्रीला आला, किंमत ३५ डॉलर, आणि त्या सकाळी विकणाऱ्यांच्या साइट गर्दीने कोलमडल्या. केंब्रिजमध्ये एबेन अप्टन आणि त्यांच्या सोबत्यांना काळजी होती की कॉम्प्युटर शिकायला येणाऱ्या मुलांनी आधी घरी काही करून बघितलेलंच नसतं. घरातला एकुलता एक महागडा कॉम्प्युटर बिघडवायची परवानगी कोणत्या मुलाला मिळते? म्हणून बिघडला तरी आई-बाबा रागावणार नाहीत इतका स्वस्त बोर्ड काढायचा, ही मूळ कल्पना. कार्ड काढा, नवीन लिहा, पुन्हा सुरू करा. आज असे सहा कोटींहून जास्त बोर्ड विकले गेलेत, कितीतरी कारखान्यांतल्या मशिनांत बसलेत. म्हणून "खेळणं" हा शब्द मला मान्य नाही. रविवारी आमच्याकडे नारायणगावचा एक मुलगा येतो. त्याने घरच्या द्राक्षबागेत पानांचा ओलावा आणि तापमान मोजायला पाय झिरो हा त्यातलाच लहान बोर्ड बसवलाय, डावणी रोगाची फवारणी कधी करायची ते वडील त्यावर बघून ठरवतात. एक निवृत्त शिक्षिका पाय ४ वरच मराठीत टाईप करून आपल्या आठवणी लिहीत आहेत. कीबोर्ड इनस्क्रिप्ट आणि फॉन्ट लोहित, दोन्हींसाठी एक पैसा लागला नाही. तुमच्या मुलाला मात्र यातलं काहीच नको होतं, त्याला ऑटोकॅड हवं होतं.

निम्म्या किमतीच्या बोर्डांबद्दल मी तुमच्याशी सहमत नाही, आणि ते स्पष्ट सांगतो. त्यातले काही मी विकतो. हार्डवेअर पुष्कळदा उत्तम असतं. प्रश्न पुढचा असतो: दोन वर्षांनी त्यावर नवीन लिनक्स कोण देणार? असे बरेच बोर्ड टीव्ही बॉक्ससाठी बनवलेल्या चिपवर उभे असतात, आणि चिप बनवणारा एकदा कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, देतो आणि पुढच्या चिपकडे वळतो. ऑलविनर एच३ ही चिप असलेले १५ डॉलरचे बोर्ड २०१५ मध्ये आले, पण त्यांच्यासोबत मिळालेलं कर्नल ३.४ होतं, म्हणजे मुळात २०१२ चं. नंतर त्या चिपला लिनक्सच्या मुख्य कर्नलमध्ये जागा मिळाली ती मुख्यतः जगभरच्या हौशी लोकांमुळे, ज्यांनी रात्री जागून, कोणी पैसे देत नसताना, चिपच्या आतली रजिस्टर शोधून शोधून ती चालवणारे ड्रायव्हर लिहिले. आर्मबियन ही लिनक्सची आवृत्ती आजही अशा बोर्डांना जगवतेय. याच्या उलट २०१२ चा पहिला रास्पबेरी पाय माझ्या काउंटरखाली आहे, त्यावर आजही ३२ बिटची चालू सिस्टिम चढते. जास्तीचे पैसे त्यासाठी पडतात. ज्याला ड्रायव्हरशी झगडायला आवडतं त्याने स्वस्त बोर्ड जरूर घ्यावा, मी आनंदाने मदत करीन. पहिल्यांदा घेणाऱ्याला मी तो देत नाही.

आता तुमच्या पैशांबद्दल. बदलून द्यायची पंधरा दिवसांची मुदत उलटून गेली आहे, पण तुमच्यासाठी ती लागू नाही. सगळं सामान आणा, पूर्ण ७,८५० रुपये त्याच दिवशी परत मिळतील. बिल सापडत नसेल तरी चालेल, आमच्या वहीत नोंद आहे. लॅपटॉप आम्ही विकत नाही, पण ऑफिसांतून निघालेला जुना लॅपटॉप घेणार असाल तर घ्यायच्या आधी मुलाला घेऊन दुकानात या. बॅटरी, हार्डडिस्क आणि बिजागऱ्या मी स्वतः तपासून देईन. त्याचे पैसे नाहीत, आणि कुठल्या दुकानातून घ्यायचा ते तुम्हीच ठरवा.

मुलाला बोर्ड ठेवायचा असेल तर तसं सांगा. मग बोर्डाचे पैसे तेवढे कापून बाकीचे परत देईन, आणि ५.१ व्होल्टचा कंपनीचा अडॅप्टर व तपासलेलं कार्ड माझ्याकडून. हार्डडिस्कसाठी स्वतःचा वीजपुरवठा असलेला यूएसबी हब लागेल, तो माझ्याकडे वापरलेला एक पडून आहे, तो घेऊन जा. हे त्याला विचारून ठरवा. नऊ वेळा बंद पडलेल्या मशिनची नोंद ठेवणाऱ्या मुलाला ते नकोसं झालंय की अजून हवंय, हे मला इथून कळत नाही.

नवीन गिऱ्हाईकाला आता आम्ही आधी विचारतो की यावर नक्की काय चालवायचंय, आणि अडॅप्टरशिवाय पाय ४ देत नाही. कार्डं तपासल्याशिवाय काउंटरवर येत नाहीत.

रविवारी साडेदहाला मी दुकानात असतो. गर्दी बारानंतर होते, त्याआधी आलात तर निवांत बोलता येईल. मुलाला वही आणायला सांगा.