त्या रविवारची प्रार्थना

बरेच दिवस मनात घोळत असलेलं आज लिहून टाकतो. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

एकोणीस वर्षं मी धंदा केला. पुठ्ठ्याचे खोके बनवायचे आणि कारखान्यांना पुरवायचे. मी आणि माझा एक जुना मित्र, निम्मी निम्मी भागीदारी. तीन वर्षांपूर्वी त्यातून बाहेर पडून मी मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, पूर्णवेळ सेवेत आलो. ज्या रविवारी मंडळीत हे जाहीर झालं, त्या दिवशी पाळकसाहेबांनी मला आणि माझ्या पत्नीला पुढे बोलावलं. वडीलजनांनी आमच्या डोक्यावर हात ठेवले आणि सगळी मंडळी उभी राहून प्रार्थना करू लागली. मागे कोणीतरी हुंदके देत होतं. मी गुडघ्यांवर होतो, आणि डोळे मिटल्यावर मनात एकच गोष्ट आली: एकोणीस वर्षांत हे एकदाही झालं नाही.

पगाराची तारीख तोंडावर आलेली आणि मोठं येणं अडकलेलं, असे महिने मी कितीतरी काढले. एकदा आमच्या एका कामगाराचं बोट मशीनमध्ये सापडलं. ती रात्र मी दवाखान्याच्या बाकावर बसून काढली आणि सकाळी उपासनेला गेलो. "कसं काय?" "छान." संपलं. मंडळीचा दोष नव्हता, मीच कधी सांगितलं नाही. धंद्यातल्या गोष्टी प्रभूसमोर आणायच्या नसतात, हे मला कोणी शिकवलं नव्हतं, तरी ते माझ्या हाडीमाशी मुरलं होतं.

आता लोक भेटले की म्हणतात, "केवढा त्याग केलात! जग सोडलं आणि प्रभूला धरलं." प्रेमाने म्हणतात, पण मला ते फार लागतं. कारण मग त्या एकोणीस वर्षांत मी कोणाला धरलं होतं? खोटं बिल करायला नकार देऊन मोठं गिऱ्हाईक गमावलं, तो दिवस जगाचा होता की प्रभूचा?

लूकच्या शुभवर्तमानात दोन जकातदार आहेत. पाचव्या अध्यायात लेवी नाक्यावर बसलेला आहे. येशू म्हणतो, "माझ्यामागे ये," आणि तो सगळं सोडून उठतो. यावर आपण शेकडो संदेश ऐकलेत. एकोणिसाव्या अध्यायात जक्कय आहे. उंबराच्या झाडावरून खाली उतरतो, येशूला घरी नेतो आणि उभा राहून म्हणतो, अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याचं लुबाडलं त्याचं चौपट परत करतो. येशू त्याला "माझ्यामागे ये" म्हणत नाही. नाका सोड, असंही म्हणत नाही. आज या घराला तारण मिळालं आहे, असं म्हणतो. एकाच्या हातातली वही खाली ठेवली गेली, दुसऱ्याच्या वहीतला हिशेब बदलला. दोघांपैकी कोणाला उणं म्हणायचं?

फिलिप्पै शहरातली लुदिया जांभळी वस्त्रं विकणारी होती. प्रेषित पौल आणि त्याचा सोबती सीला तुरुंगातून सुटले ते थेट तिच्या घरी गेले, बंधुजनांना तिथेच भेटले. तिला धंदा बंद करायला सांगितल्याचं कुठेही लिहिलेलं नाही. पौल स्वतः करिंथात अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला या जोडप्याबरोबर राहुट्या शिवत होता. विल्यम कॅरी 1793 साली इंग्लंडहून भारतात मिशनरी म्हणून निघाला आणि पुढच्याच वर्षी निळीच्या कारखान्याची व्यवस्था पाहू लागला. आणि प्रभू येशू! मार्क 6:3 मध्ये गावकरी त्याला सुतार म्हणतात. सेवा सुरू केली तेव्हा तो सुमारे तीस वर्षांचा होता. रंधा चालवण्यातली वर्षं वाया गेली, असं म्हणायला कोणाची जीभ रेटेल?

मग मी का सोडलं? पाचारण, म्हणजे सेवेसाठी प्रभूची हाक, आलं म्हणून. याहून मोठं उत्तर माझ्याकडे नाही. पण ते पाचारणच आहे, धंद्याचा कंटाळा नाही, हे कळायला वेळ लागला, आणि तो वेळ माझ्या आसपासच्या तीन माणसांनी मला घ्यायला लावला.

पहिले पाळकसाहेब. मी उत्साहाने सांगितलं, तर ते म्हणाले, "एक वर्ष थांब. दर शनिवारी आजारी माणसांकडे जा. मग बोलू."

दुसरी माझी पत्नी. तिने सरळ नाही म्हटलं. मुलांच्या शिक्षणाची वही पुढे ठेवली आणि विचारलं, "हे कुठून येणार, ते मला दाखवा." लूक 14 मध्ये बुरूज बांधणाऱ्याने आधी बसून खर्चाचा अंदाज करावा असं प्रभूनेच म्हटलंय. ती नेमकं तेच करत होती आणि मी मात्र तिला अल्पविश्वासी समजत होतो. त्याबद्दल मी तिची माफी मागितली आहे. आठ महिन्यांनी एका रात्री तिने वही मिटली आणि म्हणाली, "जमेल. आता मलाही वाटतंय." तिचा होकार येईपर्यंत मी निघालो नाही, याचा मला आजही आनंद आहे.

तिसरा माझा भागीदार. तो विश्वासणारा नाही. मी मोठ्या आवेशात सगळं सांगितलं. तो बराच वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "तू जा रे. पण आपल्या माणसांचं काय?" मी तोवर माझी साक्ष कशी मांडायची याचा विचार करत होतो. आमच्याकडे कामाला असलेल्या बावीस जणांचा विचार त्याने केला.

ते निस्तरायला चौदा महिने लागले. प्रत्येक पुरवठादाराचं देणं फेडलं. एका जुन्या बिलावर आमचा वाद होता. कागद काढून पाहिले तर चूक आमची निघाली. मी स्वतः जाऊन पैसे दिले, तेव्हा त्या गृहस्थांनी पावती फाडता फाडता विचारलं, "आत्ताच का आठवलं?" मी खरं कारण सांगितलं. जुन्या करारातल्या अलीशाने एलीया संदेष्ट्यामागे जाताना नांगराची लाकडं जाळली, हे आपण आवडीने सांगतो. पण त्या विस्तवावर मांस शिजवून त्याने आपल्या लोकांना जेवू घातलं आणि मग निघाला. त्याच्यामागे कोणी उपाशी राहिलं नाही.

सेवेतले पहिले महिने जड गेले. संध्याकाळी आकडा दिसायचा नाही. एक आजोबा होते, अर्धांगवायू झालेले. प्रत्येक भेटीत तीच एक गोष्ट सांगायचे, भावाशी शेतावरून तुटलेल्या संबंधांची. सहाव्या-सातव्या भेटीत मी चोरून घड्याळ पाहिलं. त्यांनी ते पाहिलं आणि बोलणं थांबवलं. ती शांतता मी विसरलेलो नाही. पुढच्या वेळी घड्याळ घरी ठेवून गेलो. त्या दिवशी गोष्ट शेवटपर्यंत आली: भावाला जाऊन वीस वर्षं झाली होती आणि माफी मागायची राहून गेली होती. आम्ही एकत्र प्रार्थना केली. त्यांचा चांगला हात माझ्या मनगटावर होता, जिथे एरवी घड्याळ असायचं.

गेल्या महिन्यात मंडळीतली एक मुलगी भेटायला आली. हिशेब तपासनीस आहे, कामात हुशार. म्हणाली, "ब्रदर, मीपण नोकरी सोडू का? तुमच्यासारखं पूर्ण समर्पण माझ्याकडून होतच नाही." तिच्या चेहऱ्यावर ओढ दिसत नव्हती, अपराधीपण दिसत होतं. मी तिला ब्रिटिश पार्लमेंटचा सभासद विल्यम विल्बरफोर्स याची गोष्ट सांगितली. 1785 साली, सव्वीसाव्या वर्षी त्याचं मन पालटलं आणि राजकारणात राहावं की नाही, हा प्रश्न त्याला पडला. तो गुपचूप जॉन न्यूटनकडे गेला. हा न्यूटन आधी गुलामांच्या जहाजाचा कप्तान होता आणि पुढे पाळक झाला. विश्वासात आल्यावरही काही वर्षं तो तोच व्यापार करत राहिला होता, त्यामुळे कुठला धंदा सोडायलाच हवा, हे त्याला चांगलंच कळत होतं. त्याने विल्बरफोर्सला सांगितलं, आहेस तिथेच राहा. 1807 साली ब्रिटिश पार्लमेंटने गुलामांच्या व्यापारावर बंदी आणली, त्यामागे विल्बरफोर्सची चिकाटी मोठी होती.

मुलगी रडली. मग म्हणाली, ऑफिसात एका कागदावर सही करायचा दबाव आहे आणि ती करायची तिची इच्छा नाही. सोडू का, या प्रश्नाखाली ही भीती होती.

मी हे पाळकसाहेबांच्या कानावर घातलं, तिच्या परवानगीने, कागदाचा तपशील वगळून. पुढच्या रविवारी संदेशानंतर त्यांनी तिला पुढे बोलावलं. वडीलजनांनी तिच्या डोक्यावर हात ठेवले. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, सोमवारच्या सकाळसाठी, तिच्या टेबलासाठी, तिच्या पेनासाठी. मी डोळे उघडून पाहिलं, तर मागच्या बाकांवरून एकेक जण उठून पुढे येत होता. दुकानदार, शिंपी, एक रिक्षावाले काका. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं.