चौपन्न मैलांची रांग

लंडन ते ब्रायटन ही सायकलफेरी दरवर्षी जून महिन्यातल्या एका रविवारी निघते, अंतर 54 मैल म्हणजे साधारण 87 किलोमीटर भरते आणि तिच्यातून जमणारा पैसा हृदयविकारावरील संशोधनासाठी ब्रिटिश हार्ट फाउंडेशनला मिळतो, एवढे कळल्यावर कोणाही पापभीरू माणसाला आपण नाव नोंदवावे असे वाटेल. त्यातून मी पुण्याचा. पुणे हे एके काळी सायकलींचे शहर होते, हे लंडनमधल्या ऑफिसात मीच अनेकदा ऐकवलेले असल्यामुळे, या फेरीचा विषय निघाला तेव्हा सगळे माझ्याकडेच पाहू लागले. सायकल येणे ही एक विद्या आणि हजारो लोकांच्या मध्ये अडकून सायकल येणे ही दुसरी, पण नोंदणीच्या अर्जात दोन्हींसाठी मिळून एकच रकाना होता.

या फेरीत आधी स्वतः प्रवेशशुल्क भरायचे असते आणि मग ओळखीपाळखीच्या लोकांकडे वर्गणी मागायची असते. इंग्रज सहकाऱ्यांना यात काहीच वावगे वाटत नाही. ते संगणकावर वर्गणी मागणाऱ्याच्या नावाच्या पानावर दहा पौंड टाकतात, आपण करदाते असल्याची खूण करतात, म्हणजे ‘गिफ्ट एड’च्या नियमाप्रमाणे सरकारकडून पौंडामागे आणखी 25 पेन्स संस्थेला मिळतात, आणि दोन शब्द शुभेच्छांचे लिहून मोकळे होतात. मराठी मंडळींत ज्यांच्याकडे हक्काने जावे असे एक काका आहेत. त्यांनी तरुणपणी गिरगावात गणेशोत्सवाची वर्गणी गोळा केलेली असल्यामुळे वर्गणी मागणाऱ्याकडे ते नेहमीच संशयाने पाहतात.

“सायकल तू चालवणार, मोकळी हवा तू खाणार, मग पैसे मी का द्यायचे?” त्यांनी विचारले.

“काका, हृदयरोग्यांसाठी आहे.”

“मग तसं सरळ माग की! मध्ये सायकल कशाला घालतोस?”

या प्रश्नाचे उत्तर मला तेव्हाही देता आले नाही आणि आजही येत नाही. अखेर काकूंनी चहा आणल्यामुळे काका नरमले व मैलामागे अर्धा पौंड द्यायला तयार झाले. मात्र सीटवर बसून काटलेलेच मैल हिशेबात धरले जातील, अशी अट त्यांनी घातली.

दक्षिण लंडनमधल्या क्लॅपम कॉमन या विस्तीर्ण मैदानावर भल्या पहाटे पोहोचलो, तेव्हा आतून गादी शिवलेली चड्डी घालून चालण्याची कसरत मी प्रथमच करत होतो. आजूबाजूला सगळेच तसे चालत असल्यामुळे लाज वाटण्याचे कारण नव्हते. दोन हजार पौंडांची सायकल आणि दोन हजार पौंडांच्या सायकलीला शोभेसे पोट असलेले गृहस्थ होते, परीचे पंख लावलेल्या दाढीवाल्यांचा एक मोठा कंपू होता आणि शिवाय ज्यांच्या सायकलीचे कॅरियर गंजलेले होते असे काही आजोबा होते, जे पुढे दिवसभर मला मागे टाकत राहिले. लोकांना टप्प्याटप्प्याने सोडतात. आमचा टप्पा येईपर्यंत आम्ही एक पाय जमिनीवर आणि एक पॅडलवर ठेवून उभे होतो. तोंडावर उत्साह ठेवून इतका वेळ उभे राहण्याची सवय मला लग्नाच्या मांडवानंतर प्रथमच उपयोगी पडली.

लंडनच्या हद्दीतला प्रवास म्हणजे टूटिंग, मिचम, कार्शल्टन अशा उपनगरांतल्या सिग्नलांची पाहणी होती. माझ्या पुढे चालणाऱ्या एका तरुणाचे बूट पॅडलमध्ये खटका मारून अडकणारे होते. वेगाने जाताना त्या व्यवस्थेचा म्हणे फार फायदा होतो. लाल दिवा लागला, सगळे थांबले, तोही थांबला, पण त्याचा पाय काही सुटेना. काही क्षण तो सरळ उभा राहिला, मग अत्यंत सावकाश, कोणालाही गैरसमज होऊ नये अशा बेताने, डावीकडे कलत गेला आणि खाली पडल्यावर ज्या बाईंच्या चाकाला त्याचे डोके लागले त्यांची त्याने माफी मागितली. बाईंनीही आपले चाक तिथे असल्याबद्दल त्याची माफी मागितली.

ही माफी पुढे ब्रायटनपर्यंत सोबतीला होती. सरेचा आणि ससेक्सचा मुलूख लागला की रस्ते इतके अरुंद होतात की दोन्ही बाजूंच्या कुंपणाची पाने कोपरांना घासतात, आणि त्या बोळकांडीत फेरीतले सगळेच जण शिरू पाहतात. मला राहून राहून वारीची आठवण येत होती. जूनच्या सुमारासच दिवे घाटातून ज्ञानोबांची पालखी वर चढत असते, तिथेही गर्दी हीच असते, आणि पायावर पाय पडला की जसे ‘माऊली’ म्हणून पुढे सरकतात, तसे इथे ‘सॉरी’ म्हणून सरकत होते. फरक एवढाच, की वारकऱ्याला आपण चालतच जाणार आहोत हे निघताना ठाऊक असते.

आम्हाला ते हळूहळू कळत गेले. चढ कितीही साधा असला तरी त्याच्या पायथ्याशी कोणी तरी घाईने गिअर बदलतो आणि त्याची चेन पडते. तो उतरतो. त्याच्या मागचा उतरतो, कारण थांबलेली सायकल चढावर पुन्हा सुरू करणे भल्याभल्यांना जमत नाही. मग त्यामागचे सगळे उतरतात, आणि झगझगीत जाकीट घातलेला स्वयंसेवक कर्ण्यातून सांगतो की गर्दीमुळे यापुढचा चढ कृपया चालत चढावा. टर्नर्स हिल या गावाला जातानाचा चढ आम्ही असाच शेकडो जणांनी मिळून सायकली ढकलत पार केला. चेन पडलेला मनुष्य तेवढ्यात ती बसवून, काळेकुट्ट हात चड्डीला पुसत, आमच्या शेजारून निघून गेला.

खाण्याची मात्र कुठेही आबाळ झाली नाही. वाटेतल्या खेड्यांत चर्चच्या अंगणात आणि गावच्या हॉलबाहेर टेबले मांडून गावकरी चहा, केक आणि डुकराच्या मांसाचे पाव विकत होते, आणि ते पैसेही कुठल्या तरी सत्कार्यालाच जाणार होते. लिंडफील्डला मी केकच्या रांगेत असताना माझ्या पुढच्या आजीबाईंनी ‘फारच छान चालले आहे ना?’ असे विचारले. आमची ती रांग, शेजारची शौचालयाची रांग आणि पलीकडे पंक्चर काढणाऱ्या कारागिराची रांग यांच्याकडे पाहून त्या मनापासून बोलत होत्या, असे माझे प्रामाणिक मत झाले.

खरी परीक्षा डिचलिंग बीकनची. साउथ डाउन्स या डोंगररांगेतली ही 248 मीटर उंचीची टेकडी आहे. शत्रू आल्याची वर्दी देण्यासाठी पूर्वी तिच्या माथ्यावर जाळ पेटवीत. सह्याद्री पाहिलेल्या माणसाला 248 मीटरचे काय, असे मीही म्हणत होतो. परंतु रस्ता सुमारे मैलभर सरळ अंगावर येतो, काही वळणांवर चढ 16 टक्क्यांच्या आसपास आहे, आणि हे सगळे पाय संपल्यावर समोर येते. 1994 साली टूर द फ्रान्सचे स्पर्धक याच रस्त्याने वर गेले होते, ही माहिती शेजारी सायकल ढकलणाऱ्या एका गृहस्थांनी मला धापा टाकत दिली. त्या स्पर्धकांना रस्ता मोकळा मिळाला होता, हे मी निदर्शनास आणले, आणि ते त्यांना तत्काळ पटले. काकांच्या हिशेबातला अर्धा पौंड इथे हृदयविकार संशोधनाच्या हातून गेला. माथ्यावर आइस्क्रीमची गाडी उभी होती आणि तिच्यापुढे, अर्थातच, रांग होती.

तिथून समुद्र दिसतो आणि उतार लागतो. दिवसातला खरा सायकलप्रवास तो तेवढाच. ब्रायटनच्या समुद्रकाठच्या मडीरा ड्राइव्ह या रस्त्यावर दुतर्फा लोक टाळ्या वाजवत होते, कोणी तरी गळ्यात पदक घातले आणि सायकलीवरून उतरताच माझ्या लक्षात आले, की बसणे ही क्रिया आता काही दिवस मला वर्ज्य आहे. ब्रायटनचा किनारा वाळूचा नाही, गोट्यांचा आहे, त्यामुळे तोही प्रश्न सुटला. त्या दिवशी लंडनच्या रेल्वेगाड्यांत सायकली घेऊ देत नाहीत. तेव्हा सायकली ट्रकमध्ये आणि माणसे बसमध्ये अशी व्यवस्था आधीच पैसे भरून केलेली होती. बसच्या रांगेलगत चांगला रुंद कठडा होता, पण त्याच्यावर एकही जण टेकला नव्हता. बस आली, आम्ही एकेक करून आत शिरलो आणि आपापल्या जागेपाशी दांडा धरून उभे राहिलो. सगळ्यांनी बसून पट्टा लावल्याशिवाय बस सुटणार नाही, असे ड्रायव्हरने जाहीर केले, तेव्हा त्या बसमधून जो आवाज निघाला तो बीकनच्या चढावरही निघाला नव्हता.