खुलासा: डार्क मॅटर आपसात धडकतं, म्हणून अणूंनाही धडकतं?

डार्क मॅटर म्हणजे विश्वातला न दिसणारा, गुरुत्वाकर्षणातूनच जाणवणारा पदार्थ. ‘डार्क मॅटरचे कण एकमेकांवर आदळतात, म्हणजे आपल्या अणूंवरही तितक्याच जोरात आदळत असणार’ असा मजकूर फिरतोय. तो चुकीचा आहे. ही दोन वेगळी मापं आहेत.

आपसातल्या टकरीची मर्यादा बुलेट क्लस्टरसारख्या दीर्घिकासमूहांच्या धडकेतून कळते: जास्तीत जास्त सुमारे १ चौरस सेंटिमीटर प्रति ग्रॅम, म्हणजे दर ग्रॅम डार्क मॅटरमागे टकरीसाठीचं ‘लक्ष्य’ एवढ्या क्षेत्रफळाचं. कणांच्या जगात हे भरपूर झालं!

अणूंशी टक्कर मात्र अमेरिकेत साउथ डकोटात, जमिनीखाली दीड किलोमीटरवर, द्रवरूप झेनॉन वायूच्या टाकीत शोधतात. अजून सापडलेली नाही, म्हणून तिची मर्यादा कितीतरी लहान आहे. प्रोटॉनच्या चाळीसेक पट वजनाच्या कणासाठी दोन्ही मर्यादांत वीसहून अधिक शून्यांचा फरक आहे. फार हलक्या कणांसाठी अणूंबाबतची मर्यादा बरीच सैल आहे, हेही सांगायला हवं.