'सहा महिन्यांतच उरकून टाका' हा सल्ला कितपत खरा?

नर कुत्रा पाळणाऱ्यांमध्ये एक सल्ला सर्रास फिरतो: 'सहा महिन्यांचा झाला की नसबंदी उरकून टाका, तो शांत होईल, चावणार नाही आणि प्रोस्टेटच्या कर्करोगातूनही सुटेल.'

मुळात 'नसबंदी' हा शब्दच येथे फसवा आहे. पुरुषाच्या नसबंदीत शुक्रवाहिनी बांधतात व वृषणे जागेवर राहतात. कुत्र्याची मात्र सहसा वृषणेच काढली जातात आणि त्यामुळे टेस्टोस्टेरॉन जवळजवळ नाहीसे होते. लांब हाडांच्या टोकांकडील वाढीच्या कूर्चा वेळेवर बंद होण्यात या संप्रेरकाचा वाटा असल्याने ते फार लवकर थांबले, तर हाडे अधिक काळ वाढत राहतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी २०२० मध्ये ३५ जातींच्या नोंदी तपासल्या, तेव्हा लॅब्रॅडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, जर्मन शेफर्ड अशा जातींत वर्षाच्या आत शस्त्रक्रिया झालेल्यांना सांध्यांचे विकार अधिक आढळले, तर लहान जातींत तशी वाढ दिसली नाही. (गंमत म्हणजे, अवाढव्य ग्रेट डेनमध्येही ती दिसली नाही, केवळ आकारावरून निष्कर्ष काढणेही धोक्याचे.) तरीही ढोबळमानाने, प्रौढ वजन साधारण २० किलोंच्या आत राहणार असेल तर सहा महिने, आणि त्याहून मोठ्या कुत्र्यांत वाढ थांबेपर्यंत, म्हणजे बहुधा ९ ते १५ महिने, असे मार्गदर्शन अमेरिकेतील प्राणी रुग्णालयांच्या संघटनेने केले आहे.

'शांत होईल' यात तथ्य आहे, पण मर्यादित. माद्यांच्या मागे भटकणे, जागोजागी मूत्राने खूण करणे, अंगावर चढणे हे बऱ्याच कुत्र्यांत कमी होते. भीतीपोटी चावणाऱ्या कुत्र्याची भीती मात्र वृषणांत नसते. अशा कुत्र्याचे वर्तन शस्त्रक्रियेनंतर बिघडूही शकते.

कर्करोगाचा दावा तर सरळ चुकीचा आहे. वृषणांचा कर्करोग टळतो, आणि उतारवयात प्रोस्टेटची होणारी साधी वाढही टळते. परंतु प्रोस्टेटचा कर्करोग टळत नाही, उलट काही अभ्यासांत तो शस्त्रक्रिया झालेल्या कुत्र्यांतच अधिक आढळला आहे.

तरीही एका बाबतीत माझे मत ठाम आहे: वृषण पोटातच अडकून राहिले असेल, तर तेथे गाठ होण्याचा धोका बराच वाढत असल्याने ते काढूनच टाकावे. इतरांना मात्र घाई नसते, आणि वर्तनावर काय परिणाम होईल अशी शंका असेल, तर टेस्टोस्टेरॉन काही काळ दाबून ठेवणाऱ्या डेस्लोरेलिन या औषधाचे कातडीखालील रोपण सहा महिने किंवा वर्षभर तोच परिणाम तात्पुरता घडवून दाखवते.