पेट्राला जाताय? आधी पाण्याची वाट बघा

जॉर्डनच्या टूरमध्ये पेट्राला बहुतेक वेळा एकच दिवस ठेवतात, आणि त्यातले निम्मे तास बसमध्येच जातात. सिक नावाच्या अरुंद घळीतून सव्वा किलोमीटर चालायचं, समोर गुलाबी कातळात कोरलेली 'खजिना' नावाची इमारत दिसली की फोटो काढायचे आणि परत फिरायचं. मला याचं मनापासून वाईट वाटतं. कारण हे शहर ज्याच्या जिवावर उभं राहिलं ते त्याच घळीत, हाताच्या अंतरावर असतं.

सिकमध्ये शिरल्यावर डावीकडच्या भिंतीत कातळ खोदून काढलेला पाट दिसेल. उजवीकडे भाजक्या मातीचे नळ बसवले होते, त्यांचे तुकडे अजून काही ठिकाणी शाबूत आहेत. शेजारच्या वाडी मुसा गावाकडच्या झऱ्यांचं पाणी असं शहरात यायचं. आणि पुराचं? घळीच्या तोंडाशी बंधारा घालून नबाती लोकांनी, म्हणजे पेट्रा उभारणाऱ्या प्राचीन अरबांनी, तो लोंढा कातळातल्या बोगद्यातून दुसरीकडे वळवला होता. 1963 साली पाणी सिकमध्ये घुसलं आणि वीसहून जास्त फ्रेंच प्रवासी दगावले. त्यानंतर तिथे पुन्हा बंधारा बांधावा लागला!

दक्षिण अरबस्तानातून धूप आणि गंधरस लादलेले उंटांचे तांडे गाझाच्या बंदराकडे जायचे, ते या पाण्याच्या भरवशावर. इसवी सनपूर्व पहिल्या शतकातला ग्रीक इतिहासकार डायोडोरस लिहितो, की नबाती लोक वाळवंटात अरुंद तोंडाची, आत मात्र ऐसपैस अशी टाकी खोदत, तोंड बुजवून टाकत आणि फक्त आपल्यालाच कळेल अशी खूण ठेवत. शत्रू तहानेनेच माघारी जायचा. रोमनांनी इ.स. 106 मध्ये त्यांचं राज्य घेतलं, पण त्याआधी कित्येक पिढ्या या मार्गाच्या नाड्या त्यांच्या हातात होत्या, त्या अशा. माझ्या मते त्यांची खरी कलाकृती ही टाकी आहेत, खजिन्याचे खांब नंतर. गडांवरची टाकी बघत वाढलेल्या आपल्या लोकांना हे पटायला जड जाऊ नये.

म्हणून वाडी मुसात निदान दोन रात्री मुक्काम करा. एक सकाळ जवळच्याच 'छोट्या पेट्रा' या नबाती ठिकाणासाठी ठेवा, तिथे एका छतावर द्राक्षवेलींची नबाती चित्रं अजून टिकून आहेत. आणि गाइडला आदल्या दिवशीच सांगून ठेवा: दादा, खजिन्याची गोष्ट थोडक्यात सांगा, आम्हाला बंधारा, बोगदा आणि टाकी सावकाश बघायची आहेत.