‘पहाटे उठवतात, दुपारी बसवून ठेवतात’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर,

गुहागर ते गणपतीपुळे या आमच्या पायी सहलीला तुम्ही दोन स्टार दिलेत. तक्रारी अशा: पहाटे पाचला उठवलं, हेदवीला दुपारभर नुसतं बसवलं, बीचवर ‘काहीच नव्हतं’ आणि जेवणात ज्वारीची भाकरी नव्हती.

चालायची वेळ आमच्या लातूरच्या ऑफिसात ठरत नाही, भरती-ओहोटीवर ठरते. किनाऱ्यावरच्या लोकांचा सोपा हिशोब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला अकरा-साडेअकरा. तुमच्या ग्रुपने चांदण्यासाठी मुद्दाम पौर्णिमेची बॅच मागितली होती. तेव्हा उधाण असतं, दुपारी पाणी पार वर चढतं. चालायला घट्ट, ओली वाळू मिळते ती पहाटे, नाहीतर दिवस कलल्यावर. कोरड्या भुसभुशीत वाळूत सॅक घेऊन अर्धा तास चालून बघा, पोटऱ्या भरून येतात. दोन किनाऱ्यांमधल्या कातळावर शेवाळ असतं, त्यावर लाट आली की पाय ठरत नाही. वरून सड्याने, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावरून जावं तर जांभा दगड तापलेला, सावलीला झाड नाही. भर दुपारी तिथून माणसं न्यायला मी तयार नाही.

आणि बामणघळीत, म्हणजे हेदवीच्या किनाऱ्यावरच्या कातळातल्या अरुंद भेगेत, पाणी उसळतं ते भरतीलाच. तुम्ही टाकलेले बहुतेक फोटो तिथलेच आहेत, सर!

बीचवर काही नसतं, हे खरं. म्हणूनच तिकडे नेतो. गाड्या, गर्दी, स्टॉल हवे असतील तर शेवटचा मुक्काम गणपतीपुळ्यालाच होता. गुडघ्याच्या वर पाण्यात जाऊ दिलं नाही, तेही खरं. आपण विहिरीत पोहायला शिकलेली माणसं. विहिरीचं पाणी माणसाला आत ओढत नाही. तिकडे भाकरी तांदळाची असते, हे बुकिंगलाच सांगतो.

अर्धे पैसे परत मागितलेत, ते देता येणार नाहीत. मुक्काम, जेवण, तवसाळ-जयगड फेरीबोट, सगळं ठरल्याप्रमाणे झालं. पहाट नकोच असेल तर पुढच्या वेळी अष्टमीच्या आसपासची बॅच घ्या. ओहोटी दुपारी बाराच्या सुमारास असते, निवांत नाश्ता करून निघता येतं. ऊन मात्र डोक्यावर घ्यावं लागेल, आणि चांदणं अर्धंच मिळेल.