एसएचची लिंक फिशकडे वळवू नका

मावसभावाने काल एक मेसेज पाठवला, ‘लिनक्सवर हवं तेव्हा हवं ते शेल, चार सोप्या स्टेप’ असा, आणि वर विचारतो दादा करू का. शेल म्हणजे टर्मिनलमध्ये टाइप केलेल्या कमांड चालवणारा प्रोग्रॅम; बॅश, फिश, डॅश, झेडशेल ही सगळी शेलच. हाच मेसेज आधी दोन ग्रुपवर आला होता तेव्हा सोडून दिला, पण आता घरातलाच पोरगा सुडो, म्हणजे ॲडमिनच्या हक्काने कमांड, मारायला बसलाय म्हटल्यावर लिहावंच लागतंय.

पहिली स्टेप म्हणते, बिन फोल्डरमधल्या एसएचची लिंक फिशकडे वळवा म्हणजे ‘सिस्टीमभर’ फिश मिळेल. अरे, एसएच हे सिस्टीम स्वतःच्या कामाला वापरते ते शेल, तुमच्या टर्मिनलसाठी नाहीच! ठरल्या वेळी कामं करणारा क्रॉन डिफॉल्टने त्यातच कमांड चालवतो, प्रोग्रॅम बांधणारा मेक त्यातच चालवतो, सी प्रोग्रॅममधलं ‘सिस्टम’ हे फंक्शन त्यालाच हाक मारतं, आणि डेबियन-उबुंटू या लिनक्सवर पॅकेज टाकताना मागे ज्या स्क्रिप्ट चालतात त्यातल्या बहुतेक एसएचच्याच असतात. फिश पॉसिक्स शेल नाही, म्हणजे एसएचच्या ठरलेल्या मानकाप्रमाणे चालत नाही. त्यात इफ संपतो तो एंडने, फायने नाही, हियरडॉक (स्क्रिप्टमध्येच लिहिलेला मजकूर कमांडला द्यायची सोय) तर नाहीच. म्हणजे पुढचं अपडेट मारलं की स्क्रिप्ट फुटणार, पॅकेज अर्धवट अडकणार, ग्राफिकल लॉगिनच्या स्क्रिप्टसुद्धा त्याच रांगेत. उबुंटूने २००६ मध्ये ६.१० ला एसएच बॅशवरून डॅशवर नेलं, दोन्ही एकाच घराण्यातले, तरी बॅशच्या खास सवयींवर लिहिलेल्या कितीतरी स्क्रिप्ट मोडल्या. डेबियनने तोच बदल २०११ च्या स्क्वीझमध्ये केला. आणि इथे एका ओळीत फिश! कोणी उबुंटूवर आधीच केलं असेल तर रीस्टार्ट न करता लिंक बनवणाऱ्या त्याच एलएन कमांडने ती परत डॅशकडे वळवा, सुडोला त्यासाठी एसएच लागत नाही.

दुसरी स्टेप, बॅशआरसीच्या (बॅश सुरू होताना वाचतं त्या सेटिंगच्या फाइलीच्या) पहिल्या ओळीत एक्झेक फिश, म्हणजे बॅशच्या जागी फिश आणणारी कमांड. यात थोडं तथ्य आहे, मान्य, लॉगिन शेल बॅशच ठेवून फिश वापरायची ही पद्धत बरेच जण वापरतात. पण पहिल्या ओळीत नाही हो. बॅशच्या मॅन पेजमध्ये, म्हणजे मॅन्युअलमध्ये, इन्व्होकेशन हा भाग उघडून वाचा, रिमोट शेल डिमनने (दुसऱ्या मशीनवरून आलेल्या कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅमने) चालवलंय असं वाटलं तर इंटरॅक्टिव्ह नसतानाही, म्हणजे समोर कोणी टाइप करत नसतानाही, बॅश बॅशआरसी वाचतं. म्हणजे दुसऱ्या मशीनवरून एसएसएचने पाठवलेली कमांड किंवा फाइली कॉपी करणारं आरसिंक चालायच्या आधीच बॅशच्या जागी फिश येऊन बसतं आणि तुमची कमांड राहते बाजूला. उबुंटूच्या बॅशआरसीत सुरुवातीलाच ‘इंटरॅक्टिव्ह नसेल तर परत जा’ अशी अट आहे, टाकायचंच तर तिच्या खाली टाका.

तिसरी, कामाची आणि घरची अशा दोन बॅशआरसी ठेवून दर वेळी कॉपी करा. चालतं, पण एका वेळी एकच, आणि घाईत उलटी कॉपी झाली की एक फाइल गेलीच. त्यापेक्षा बॅशला आरसीफाइल ऑप्शनने हवी ती फाइल द्या, झेडशेलला झेडडॉटडिर व्हेरिएबलने वेगळा फोल्डर द्या, आणि ग्नोम टर्मिनल किंवा केडीईच्या कन्सोल या टर्मिनलमध्ये प्रत्येकाचं प्रोफाइल करून तिथे ती कमांड टाका, दोन्ही सेटअप शेजारी शेजारी उघडे राहतात, कॉपीची गरजच नाही.

चौथी, सीएचएसएच ही लॉगिन शेल बदलणारी कमांड मारून मशीन रीस्टार्ट. लॉगआउट-लॉगिन पुरतं. शेलचं नाव ईटीसीमधल्या शेल्स फाइलीत नसेल तर साध्या युजरला बदलताच येत नाही, ते आधी बघा. आणि रूटचं, म्हणजे ॲडमिन खात्याचं, शेल आहे तेच राहू द्या.